शुक्रवारचा विझलेला दिवा

"मग हस्केल तरणार की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा, पाळकसाहेब."

शांतवन पाळक चष्मा पुसत बसले.

म्हातारी माणसं अशीच. उत्तर नसलं की चष्मा पुसतात, खाकरतात, चहा टाकायला सांगतात. या खाकरण्यालाच कंटाळून जयवंत धर्मशिक्षणाची शाळा अर्ध्यात सोडून आला होता.

"ख्रिस्ताशिवाय तारण नाही," पाळक म्हणाले. "हेच शिकवलं. मरेपर्यंत हेच शिकवीन."

"मग त्याला सांगा की! माणूस मरायला टेकलाय. जन्मभर त्याच्या ओट्यावर बसून सुपाऱ्या कातरल्यात तुम्ही. एकदा तरी सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, सुपारी जरा बारीक कातर."

जयवंत हसला नाही.

"तुम्हाला गंमत सुचते. माझ्या आप्पांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आजोबांनी त्यांचं अंथरूण अंगणात फेकलं. सख्खे भाऊ रस्त्यात तोंड फिरवायचे. मेले तेव्हा खांदा द्यायला घरचं एक माणूस आलं नाही. आता हा हस्केल ख्रिस्ताचं नाव न घेताच स्वर्गात पोचणार असेल, तर आप्पांनी एवढं सोसलं कशासाठी? सांगा ना. कशासाठी?"

...

पाळकांनी चष्मा चढवला. कोपऱ्यातली काठी घेतली.

"चल. तूच सांग त्याला."

हस्केलचं घर खाडीच्या कडेला. गाव अजून त्याला शनवार तेल्याचं घर म्हणतं. मूळचे हे यहुदी, इस्राएलाच्या वंशातले, पण किती पिढ्या कोकणात तेल गाळलं त्याची गणती नाही. आणि शनिवारी कधी घाण्याला बैल जुंपला नाही. आता घाणा थंड आहे. मुलं इस्राएलला गेली. म्हातारा राहिला.

शुक्रवारची संध्याकाळ होती. सूर्य नुकताच बुडाला होता, म्हणजे हस्केलचा शनिवार लागला होता. आढ्याला टांगलेल्या काचेच्या पेल्यात तेलावर वात जळत होती. हस्केलनं ती ऊन असतानाच लावली होती. आता उद्या रात्री चांदण्या दिसेपर्यंत तो विस्तवाला शिवणार नव्हता.

"काय पाद्र्या, आज वकील आणलास बरोबर?" खाटेवरून आवाज आला.

"न्यायाधीश आहे."

"अरे बापरे. बस रे बाबा. दार असू दे उघडं."

जयवंत बसला. कुठून सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून भलतंच विचारलं, "काका, मुलांकडे का नाही गेलात?"

"तिकडं शनिवारी सगळेच बसून असतात. इथं मी एकटा बसतो. देवाच्या लक्षात राहतो."

पाळक हसले. जयवंतला हसण्याचाच राग आला. माणूस मरतोय आणि हे दोघं थट्टा करतायत.

"काका, स्पष्ट बोलतो. नेम पाळून माणूस तरत नाही. शनिवार धरून नाही, दिवे लावून नाही. तारण फुकट मिळतं. फक्त विश्वास ठेवायचा. आपण करायचं असं काही उरतच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं आहे की," हस्केल म्हणाला.

तेवढ्यात खाडीवरून वारा आला. वात फडफडली आणि विझली.

जयवंत तडक उठला. चाचपडत कोनाड्यातली काड्यापेटी काढली.

"नको," हस्केल म्हणाला.

"तुम्हाला चालत नाही, मला चालतं. तुमच्यासाठी लावतो."

"माझ्यासाठी तर मुळीच नको." म्हातारा खोकला. दम घेऊन म्हणाला, "तुला अंधाराची भीती वाटत असेल तर तुझ्यासाठी लाव. मग माझी हरकत नाही."

काडी पेटीला टेकली होती.

"आणि तुम्ही असेच पडून राहणार? अंधारात? काही झालं तर?"

"होईल की."

"अहो, पण..."

"सहा दिवस माझे हात. आजचा दिवस देवाचा. तो बघेल, नाहीतर नाही बघणार. मी मध्ये पडणार नाही."

जयवंत तसाच उभा राहिला. उघड्या दारातला उजेड राखाडी झाला, मग तोही गेला. खाट दिसेना. स्वतःचे हातही दिसेनात.

त्यानं काडी पेटीत घातली. पेटी कोनाड्यात ठेवली. खाली बसला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

बाहेर भरती लागली होती. पाणी दगडांत शिरत होतं.

आणि खाटेवरून हस्केल बोलू लागला. बापजाद्यांच्या हिब्रू भाषेत, सावकाश. आवाज मरणाऱ्या माणसाचा नव्हता. जयवंतला एक अक्षर कळत नव्हतं. पण अंधारात कुणीतरी ते ऐकत होतं. इतक्या जवळून ऐकत होतं, की जयवंतनं श्वास रोखून धरला. ती खोली केवढी मोठी होती! भिंती होत्या तरी कुठं?

आवाज थांबला.

"आमेन," जयवंतच्या तोंडून निघून गेलं.

...

"हा शब्द कुठून उचललास रे?" हस्केलनं विचारलं. आवाजात हसू होतं.

"आप्पांचा... शेवटचा शब्द होता तो."

"आमच्या घरातला आहे." म्हातारा कुशीवर वळल्याचा आवाज झाला. "असू दे. वापर."

परतताना दोघं बांधावरून चालले होते. पाळकांची काठी पुढं, जयवंत मागं.

"सांगितलंस का त्याला?" पाळकांनी विचारलं.



"तो देवाच्या वचनावर अंग टाकून पडलाय," जयवंत म्हणाला. "पण ते वचन आता आपलं, ख्रिस्ताच्या लोकांचं आहे ना? इस्राएलाचं संपलं. असंच शिकवतात."

पाळक थांबले.

"त्यांना दिलेला शब्द देवानं मोडला म्हणतोस?"

"तसं नाही म्हणत, पण..."

"मग तुझ्या आप्पांना दिलेला तो कशावरून पाळील?"

जयवंतनं मागं वळून पाहिलं. हस्केलचं घर काळोखात होतं. दिसत नव्हतं. दार मात्र उघडं होतं, हे त्याला माहीत होतं.

"पण आप्पांना घरातून हाकललं होतं, पाळकसाहेब..." जयवंत म्हणाला. "अंथरुणासकट."

"हो."

काठी पुन्हा चालू लागली.

"आणि मग आमेन म्हणत ते कुणाच्या घरात शिरले, असं वाटलं तुला?"