महाराजांचा भोई

तराजू महिनाभर हलला नाही. दर सोमवारी मी कोठारात जाऊन धान्याच्या मोठ्या तराजूत बसायचो, समोरच्या पारड्यात अडीच मणांची वजनं पडायची आणि दोन्ही पारडी रुसलेल्या जावांसारखी समोरासमोर थांबायची. तेव्हा मी ठरवलं, की मुदपाकखान्यातली गजराबाई माझ्या आमटीत चोरून तूप घालते.

मी कुरणवाडीचा राजा. संस्थान एवढंसं, की घोडा उधळला तर परराज्यात जाऊनच थांबायचा. देह मात्र संस्थानाला न परवडणारा. दसऱ्याला भरलो तीन मण. दरबारात मी स्वतःला 'आम्ही' म्हणायचो, आणि वजनाच्या मानाने ते काही चुकीचं नव्हतं.

वैद्यबुवांनी थाळी लावून दिली. दोन्ही वेळा चार-चार भाकरी, वाटीभर आमटी, पालेभाजी, ताक. शिवाय रोज सकाळी तळ्यापर्यंत पायी जायचं आणि पायीच यायचं. सहा महिन्यांत अर्धा मण उतरला. शिंप्याने नवा अंगरखा शिवला. तो मला इतका आवडला, की रयतेला नीट दिसावा म्हणून मी तळ्यावर पालखीतून जाऊ लागलो.

आणि तराजू थांबला.

गजराबाई बावीस वर्षं आमच्याकडे रांधत होती आणि मुदपाकखान्यामागच्या खोलीत एकटी राहत होती. मी तिला बोलावून घेतलं.

"आमटीत तूप किती घालतेस?"

"बुवांनी सांगितलं तेवढंच, सरकार. चमचाभर."

"मग वजन का उतरत नाही?"

"पहिला अर्धा मण उतरला तेव्हाही मीच रांधत होते."

वैद्यबुवा घाईघाईने मध्ये पडले. "थाळी चुकीची असती, तर तो अर्धा मण उतरलाच नसता."

मला ते पटलं. थाळी बरोबर होती, मी चुकणं शक्यच नव्हतं, उरली गजराबाई.

"पंधरा दिवस देतो," मी म्हणालो. "थाळीतला घासही कमी करायचा नाही. आम्ही उपाशी राहणार नाही. तरी पारडं हललं पाहिजे. नाहीतर किल्ल्या ठेव आणि खोली रिकामी कर."

तिचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "थाळीला हात लावत नाही. बाकी मी सांगेन ते सरकार करतील?"

"करू."

शब्द देण्याआधी विचार करावा, असं मला लहानपणी शिकवलं होतं. मी तेव्हा बहुतेक जेवत असेन.

त्या दुपारी भोयांच्या पंगतीतून भाकरी परत आल्या. हे मला गजराबाईने नंतर सांगितलं. तिने विचारलं, "काय रे, आजारी आहात का?"

"नाही मावशी," भोई म्हणाले. "दसऱ्याआधी तीन मणांचे महाराज वाहून आलो की चार भाकरी कुठे जायच्या कळायचं नाही. आता ओझं उतरलंय. तीन भाकरीत पोट भरतं."

गजराबाई हातातली परात तशीच धरून उभी राहिली म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी पालखीत पाय टाकणार, तोच ती एक पोतं घेऊन आली. त्याला खांद्यात अडकवायचे दोन पट्टे शिवले होते.

"हे काय?"

"तांदूळ. अर्धा मण. सरकारांनी पाठीवर घ्यायचा आणि तळ्यापर्यंत चालायचं."

भोई दुसरीकडे बघू लागले. मी चिडून विचारलं, "आम्ही काय हमाल आहोत?"

"हमाल नाही, भोई. दसऱ्याला सरकार तीन मणांचे होते. ते तीन मण रोज तळ्यापर्यंत कोण उचलून नेत होतं?"

"आम्हीच."

"म्हणजे महाराजांचा भोई महाराजच. बुवांनी जी थाळी लावली ती तीन मण वाहणाऱ्या, पायी चालणाऱ्या भोयाची. आता ओझं अडीच मणांचं, चालणं बंद, आणि शिधा मात्र जुनाच. थाळी जुनी हवी, तर ओझंही जुनं हवं आणि चालही जुनी हवी."

मी बाजूला उभ्या वैद्यबुवांकडे पाहिलं. बुवा आकाशाकडे पाहत होते.

शब्द दिला होता. मी पोतं पाठीला लावलं आणि निघालो. नवा अंगरखा पट्ट्याखाली चुरगळला. तळ्याच्या काठी धुणं धुणारी एक म्हातारी मला बघून हळहळली, "अगं बाई, संस्थानावर इतके वाईट दिवस आले?" मला उत्तर द्यायचं होतं, पण दम उरला नव्हता. अर्धा मण म्हणजे काय, हे मला तो अंगावर होता तेव्हा कधी कळलं नाही. पाठीवर आल्यावर पहिल्या वळणालाच कळलं.

असे पंधरा दिवस. थाळीतला घास कमी झाला नाही, आणि मीही एक सोडला नाही.

सोमवारी तराजूत बसलो. पोतं खाली ठेवून, हे सांगायला हवं. समोरचं पारडं हळूच खाली गेलं आणि मी वर आलो. शेरभर हलका!

"गजराबाई," मी वरूनच विचारलं, "हे पोतं कुठवर वाहायचं?"

"सरकारांना चौथी भाकरी सुटत नाही तोवर. तीन खाल्ल्या आणि नुसतं पायी चाललं, तरी भागेल."

"आणि पालखीतून गेलो तर?"

"मग अडीच."

"आणि आम्ही दोन मणांवर आलो की तू आणखी एक भाकरी काढणार?"

"काढणार. पण सरकार तळ्याला दोन फेऱ्या मारतील, त्या दिवशी परत वाढीन."

मी हसलो. इतका हसलो, की तराजूच्या साखळ्या खळखळल्या आणि कोठीवाला वजनं सावरायला धावला. चोरून तूप घातल्याचा आळ मी भर कोठारात मागे घेतला, आणि तळ्याकाठची दोन बिघे बागायत गजराबाईच्या नावे करून दिली.

सनद तयार झाली तोवर मी पोतं सोडून तीन भाकरींवर आलो होतो. ती द्यायला मी स्वतःच गेलो. गजराबाई जमीन बघायला आधीच तळ्यावर गेली होती, म्हणून सकाळचं चालून झालं असतानाही पुन्हा पायी गेलो.

दुपारी ताटात चौथी भाकरी होती.