कासवकाका चालल्याशिवाय पूल उघडायचा नाही

माणसं पूल बांधायला शिकली, त्याच्याही आधीची गोष्ट. ओढ्यावर वेलींचा पूल होता. वर्षातून एकदा सगळी जनावरं मिळून तो नव्याने बांधत. कासवकाका या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेले, की मगच पिल्लांना त्यावर सोडत. काकांना त्याचा केवढा अभिमान!

एका वर्षी माकड म्हणालं, "वर्षभर कशाला थांबायचं? रोज थोड्या वेली बदलू की!" पूल ताजा राहू लागला खरा, पण काका अर्ध्यावर पोचेपर्यंत मागचा अर्धा बदललेला असे. दमून ते मध्येच बसले. "मी तपासलेला पूल उरतच नाही रे. मग माझं इथे काम काय?"

शेजारच्या झाडावरून साळुंकी सगळं बघतच होती. "माकडा, पिल्लं काय तुझ्या भरवशावर सोडायची? नव्या वेली वरच्या फांद्यांना बांध आणि तूच लोंबकळ. टिकतील त्या ऋतू बदलला की एकदम खाली पुलावर आणू. मग काका चालतील."

दुसऱ्याच दिवशी वरची वेल तुटली आणि माकड धपकन ओढ्यात पडलं. पिल्लं खिदळली. ओलंचिंब माकड काठावरून ओरडलं, "काका, तुमची पाळी आली की अगदी सावकाश चाला हं! मला मुळीच घाई नाही!"