घरच्या डोहातली पिल्लं

त्या नदीवरची सगळी पिल्लं उन्हं वर आली की कातळावर शिकायला जात, आणि सूर्य कलला की थोडीशी परकी होऊन घरी येत. बदकांची, बेडकांची, पाणमांजरांची, सगळ्यांचीच. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. कातळावर मंदाबाई नावाची म्हातारी कासवीण शिकवी. तिचा आवाज इतका हळू होता, की ऐकण्यासाठी पिल्लांना जवळ सरकावंच लागे.

कालिंदी ही त्या नदीतली सगळ्यांत तरबेज पाणमांजरी. तिने सूर मारला तर पाण्यावर चरासुद्धा उमटत नसे. तिची थोरली लेक भिंगरी कातळावर जाऊ लागली आणि चार-सहा दिवसांतच घरात एक नवी बोली सुरू झाली. "बाई म्हणाल्या, उडी मारण्याआधी पाणी बघायचं." "बाई म्हणाल्या, घास तोंडात असताना बोलायचं नाही." कालिंदी ऐकून घेई. मासा तिने पकडलेला असे, आणि जेवण मात्र बाईंच्या नावाने होई.

एका संध्याकाळी भिंगरीच्या पंजात काटा रुतला. कालिंदीने तो दातांनी अलगद उपसला. डोळे घट्ट मिटून भिंगरी कळवळली, "हळू ना, बाई!" मग स्वतःच खुदकन हसली. "अगं, आई म्हणायचं होतं मला."

तिचा बाप डोहाजी पोट धरून हसला. कालिंदीही हसली. काटा मात्र तिने बराच वेळ तोंडातच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, की भिंगरी आणि धाकटा लव्हू यापुढे कातळावर जाणार नाहीत. बिळासमोरच्या डोहात ती स्वतःच त्यांना शिकवणार.

"असं अचानक?" डोहाजीने विचारलं.

"बेडकाच्या पोराला आणि आपल्या पोरांना एकच धडा कसा चालेल, सांगा ना. चाळीस पिल्लांत आपलं कुठलं, हे तरी त्या बाईंना कळतं का? आणि अहो, मला जे येतं ते त्यांना या जन्मात यायचं नाही."

तिन्ही कारणं खरी होती. म्हणून चौथं कुणी विचारलं नाही. नदीवर कुजबुज झाली. काही आयांनी नाकं मुरडली. काहींना वाटलं, आपल्याला का नाही असं धाडस झालं?

कालिंदीने शिकवलं मात्र जीव ओतून. गाळातल्या ठशांवरून कोण गेलं, केव्हा गेलं हे कसं ओळखायचं, मिशांनी प्रवाह कसा चाचपायचा, मासा वळण्याआधीच कुठे वळणार हे कसं ताडायचं. पोरं भराभर तयार झाली. लव्हूचा पहिला सूर इतका नितळ बसला, की शेजारी उभा असलेला बगळासुद्धा दचकला नाही. ते दिवस खरोखर सुखाचे होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोरांच्या तोंडी दुसऱ्या कुणाचं नाव नसे.

मग एक दिवस मंदाबाई आली. कातळापासून डोहापर्यंत यायला तिला अर्धा दिवस लागला होता. तिला पाहताच भिंगरीने तोंडातला मासा टाकला आणि धावत सुटली. लेक एवढ्या वेगाने आपल्याकडे शेवटची कधी धावली होती, हे कालिंदीला आठवेना.

"कालिंदीताई, पोरं फार सुरेख पोहतात हो," मंदाबाई म्हणाली. "एवढं मला शिकवता आलं नसतं." त्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "भिंगरीला भोवऱ्याची फार भीती वाटायची. गेली का ती?"

कालिंदीला ती भीती ठाऊकच नव्हती.

"कधीच गेली," ती म्हणाली.

मंदाबाई गेल्यावर तिने लेकीला जवळ घेतलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू भोवऱ्याला भीत नाहीस ना, म्हणून."

दुसऱ्याच दिवसापासून कालिंदी तिला रोज भोवऱ्यावर नेऊ लागली. छाती पुढे काढून, ताकदीने पाणी तोडत आरपार जायचं, ही तिची रीत. ती दहादा करून दाखवी. भिंगरी मान डोलवी, काठावर बसून पाण्याकडे टक लावून बघत राही, पण आत उतरत नसे. आता कालिंदीला सगळ्याचाच संशय येऊ लागला. लव्हूने नवी शीळ घातली, भिंगरीने शिंपला वेगळ्या तऱ्हेने फोडला, की ती विचारी, "हे कुणी शिकवलं?" एक-दोनदा पोरांनी खरं सांगितलं. त्यानंतर बदकांकडे जाणं बंद झालं, खंड्याशी बोलणं बंद झालं. मग पोरं म्हणू लागली, "तूच शिकवलंस, आई." तेवढं मात्र ती दोघं आपली आपण शिकली होती.

एके दिवशी माशामागे धावता धावता लव्हू भोवऱ्यात सापडला. कालिंदीने उडी घेतली. पुराचं पाणी होतं. ती छाती काढून घुसली, भोवऱ्याने तिला कडेला फेकलं. ती पुन्हा घुसली, पुन्हा फेकली गेली. तेवढ्यात तिच्या बाजूने भिंगरी गेली. ती हातपाय मारत नव्हती. अंग सैल सोडून ती भोवऱ्याच्या मधोमध शिरली आणि दिसेनाशी झाली.



बऱ्याच अंतरावर, शांत पाण्यात, भिंगरी वर आली. तिच्या दातांत लव्हूची मानगूट होती. काठावर त्याने पाणी ओकलं, डोळे उघडले आणि ताईच्या गळ्याला जी मिठी मारली ती सोडेना. आईचे पसरलेले पंजे तसेच राहिले.

"हे कुणी..." कालिंदीच्या तोंडून निघालंच.

"कुणी नाही," धापा टाकत भिंगरी म्हणाली. या वेळी ती खोटं बोलली नाही. "मला भीती वाटायची, म्हणून मी रोज बघत बसायचे. पान भोवऱ्यात सापडतं, गरगरतं, बुडतं आणि पलीकडे आपोआप वर येतं. ते भांडत नाही, आई."

लव्हू वाचला होता. कालिंदीने दोघांनाही चाटून चाटून कोरडं केलं. आणि तरीही तिला त्या पानाचा हेवा वाटला.

पूर ओसरल्यावर भिंगरी म्हणाली, "आई, कातळावर जाऊन येऊ? तिथल्या लहानांना भोवऱ्याचं सांगायचंय."

"मी पण!" लव्हू म्हणाला.

नाही म्हणायला कालिंदीने तोंड उघडलं. डोहाजी नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"जा," ती म्हणाली. "दोघंही जा."

कातळ प्रवाहाच्या खालच्या अंगाला होता. पोरांना पोचवण्याच्या निमित्ताने ती पुढे गेली आणि दोन खडकांमधल्या चिंचोळ्या जागी, छातीभर पाण्यात, पंजे पसरून उभी राहिली. पोरांना तो खेळ वाटला. खिदळत एक तिच्या डावीकडून निसटलं, एक उजवीकडून. पोरांच्या मागून येणारं पाणी तिच्या छातीशी क्षणभर तुंबलं, दुभंगलं, दोन्ही कुशींना घासत पुढे गेलं, आणि तिच्या पाठीमागे पुन्हा एक होऊन वळणाकडे वाहू लागलं.