जुना फोल्डर

"एका फाइलपायी अख्खा ब्राउझर उपटायचा, चाचा?"

यशोधनने मान वर न करताच विचारलं. इंजिनिअर होऊन तो मुनीरचाचांच्या दुकानात काम शिकायला राहिला होता. पण ज्या माणसानं जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, त्याच्याकडून काय शिकायचं, असं त्याला मनातून वाटे.



बाकावर हौसाबाई बसल्या होत्या. नवरा जिल्ह्याच्या दवाखान्यात, उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन. खर्चाच्या सरकारी मंजुरीसाठी पाचच्या आत हौसाबाईंचा अंगठा योजनेच्या साइटवर उमटायला हवा होता, आणि अंगठ्याचं यंत्र अख्ख्या गावात या एकाच कॉम्प्युटरला जोडलेलं.

पडद्यावर एकच ओळ: फाइल सापडत नाही.

यशोधनने ती फाइल कुठूनशी शोधून आणून बसवली. आता दुसरीच सापडेना. तीही बसवली. मग तिसरी...

चार वाजून वीस मिनिटं झाली.

"काढ सगळं. नव्यानं टाक," चाचा म्हणाले.

त्यानं चरफडत ब्राउझर काढला, नवा उतरवून घेतला, बसवला, उघडला.

फाइल सापडत नाही.

"बघा! मी सांगत होतो..."

"सगळं काढलंस?"

"काढलं की."

"सगळं?"

यशोधनने माउस सोडला. "एक जुना फोल्डर तेवढा ठेवलाय... माझा. दोन वर्षं ब्राउझरची एकेक सेटिंग जमवून लावलीय त्यात. तालुक्यात कुणाकडे नाही तसा."

हौसाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दादा, होईल नव्हं?"

चाचा उठले. ओल्या फडक्यानं त्यांनी यंत्राची काच पुसली आणि ते फडकं हौसाबाईंच्या हाती दिलं.

"अंगठा पुसून ठेवा, ताई. आता लागेल."

यशोधनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

 त्यानं पुन्हा ब्राउझर काढला. मग नव्या ब्राउझरलाही अडवणाऱ्या त्या फोल्डरवर आला. बोट अडखळलं...

पुसला.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडदा काळा. 

नवा ब्राउझर बसला. साइट उघडली. हौसाबाईंनी अंगठा टेकवला. जुळला नाही. उभ्या जन्माच्या कामानं रेषा झिजल्या होत्या. पुन्हा टेकवला. नाही. त्या तिसऱ्यांदा टेकवू लागल्या तेव्हा चाचा म्हणाले, "दाबू नका. नुसता ठेवा."

हिरवी खूण उमटली. पाचला सहा मिनिटं कमी होती.

हौसाबाईंनी यंत्रालाच हात जोडले आणि डोळे पुसत त्या एसटी गाठायला धावल्या.

यशोधन मात्र खुर्चीत बसूनच राहिला.

"माझी दोन वर्षं गेली, चाचा."

"काय काय होतं रे त्यात?"

त्यानं तोंड उघडलं. आठवू लागला. एक गोष्ट आठवली... दुसरी अर्धीमुर्धी...



"आठवेना," तो म्हणाला.

चाचांनी दुकानाचा दिवा लावला.

"मग गेलं काय?"