जुना मोडेम, नवा मोडेम

“...आणि तुमच्याकडं, बुवा? तुमच्या खोलीत तरी नेट लागतंय का?”

विश्वंभर उंबऱ्यातच उभा होता. आत येऊन टेकायला सवड कुणाला होती!

मठातल्या वयोवृद्ध दाजीबुवांनी हातातल्या मोबाइलवरून नजर हलवली नाही.

“लागतंय,” ते म्हणाले. “जातंय... परत लागतंय.”

“तेच तर! कंपनीची लाइनच भिकार आहे!”

आणि स्वारी अंगणात पोहोचलीसुद्धा.

हा विश्वंभर मठात येण्याआधी पुण्यात नेटवर्कचंच काम करायचा. नोकरी सोडून आला, ऐट तेवढी बरोबर घेऊन आला. आज त्याचं पहिलं प्रवचन होतं, व्हिडिओवरून. विषय त्यानंच निवडलेला: ‘दोन असं काही नाहीच.’ गावोगावचे लोक फोन उघडून बसले होते आणि त्यांच्यात त्याचे वडील होते. पोरगं भगवं नेसलं त्या दिवसापासून त्यांनी अबोला धरला होता. आज निदान ऐकतो म्हणाले, तेही आईकरवी. म्हणून तर जीव नुसता टांगणीला लागला होता.

डोंगराआड मोबाइलला रेंज नाही. जे काय ते केबलवर.

त्यानं सभागृहातला मोडेम बंद करून पुन्हा चालू केला. दिवा लागला. “मंडळी, दोन असं...” म्हणेपर्यंत विझला! वायर बदलली. उंदरांना शिव्या घातल्या. मठाच्या लँडलाइनवरून कंपनीला फोन लावून तिथल्या पोरीवर डाफरला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. पायाला नुसती भिंगरी.

शेवटी तो तणतणत परत बुवांच्या खोलीशी आला आणि थबकला.

बुवांच्या हातात एक वायर होती, नुकतीच ओढून काढलेली.

“बघ जा,” बुवा म्हणाले. “आता तुझं लागलं असंल.”

तेवढ्यात सभागृहातल्या स्पीकरवरून लोकांचा गलका ऐकू आला. लागलं होतं खरं.

विश्वंभरनं वाकून पाहिलं. टेबलाखाली मोडेम. जुना. त्यानंच भंगारात टाकलेला! पण मठात काही टाकायची रीत नाही. इथं विझलेली वातसुद्धा चुलीला लागते. स्वयंपाकातल्या पारूबाईंनी तो उचलून, पुसून, टीव्हीच्या जुन्या केबलला जोडून दिला होता.

आता विश्वंभरच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक मोडेमचा आपला एक पत्ता असतो, जन्माबरोबर मिळालेला. तो ओळखून कंपनी लाइन देते. नवा मोडेम कळवायचा खटाटोप कशाला, म्हणून या हुशार माणसानं जुन्याचाच पत्ता नव्यावर चढवला होता. आता एकाच पत्त्याचे दोघे दारात. एक आत आला की दुसरा बाहेर. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

“म्हणजे मी चालू केलं की तुमचं तुटायचं...”

“व्हय.”

“कुणाशी बोलत होता?”

“हणमंताशी.” हणमंतबुवा म्हणजे बुवांचे गुरुबंधू. मिरजेला दवाखान्यात होते, शेवटाला आलेले. बुवांचे गुडघे गेले होते, त्यांना प्रवास होणार नव्हता. “बोलत नव्हतो... बसलो होतो दोघं.”

“अहो, मग मला सांगितलं का नाही?”

“तू थांबलास कुठं?”

विश्वंभरला रडूच फुटायचं बाकी राहिलं. तो धावत सुटला. सभागृहातला नवा मोडेम त्यानं उपटून ठेवला, परत येऊन जुन्याची वायर जोडली. दोघांचे फोन आता त्या एकावरच चालणार होते.

बुवा सरकले. अर्धी सतरंजी मोकळी झाली.

बुवांच्या मोबाइलवर हणमंतबुवा दिसू लागले. डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी हलत होती. तिकडं श्वास अडखळला की इकडं दाजीबुवांचाही अडखळे. तिकडं सुटला की इकडं सुटे.

विश्वंभरनं स्वतःच्या फोनवर सभा उघडली. तोंड उघडलं. पाठ केलेलं एक वाक्य येईल तर शपथ! तो त्या दोघा म्हाताऱ्यांकडं बघत राहिला...

“विश्वा,” फोनमधून एक घोगरा आवाज आला. “अरे विश्वा, तुझा आवाज येत नाही.”

वडील!

विश्वंभर ताडकन उठला. फोन हलवला, बटणं दाबली, पुन्हा टेबलाखाली वाकला.

“बुवा, ते ऐकतायत आणि माझा आवाजच येत नाही म्हणतात! काय करू आता?”

दाजीबुवांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

“त्यांचा आला की.”