दुसऱ्या घड्याळाचं मनगट

“डागात बघण्यासारखं असतं तरी काय, चाचा?”

औदुंबरने हे विचारलं तेव्हा पुण्याच्या बाई नुकत्याच दुकानाची पायरी उतरल्या होत्या. जुनी घड्याळं जमवायचा त्यांना नाद. तासभर त्या एकच घड्याळ तळहातावर घेऊन बसल्या होत्या. तबकडी पिकल्या पानासारखी पिवळी, कडेला तपकिरी, काचेवर ओरखडे. औदुंबर म्हणाला, “बाई, नवी करकरीत तबकडी बसवून देऊ का?” तर त्यांनी ते पदराआड धरलं. जणू हा आता त्यांच्या लेकराचं टक्कलच करणार होता.

जैनूचाचा हसले. “तुला काय दिसलं त्यात?”

“चहा सांडल्यासारखं दिसलं. असले डाग मी दोन दिवसांत पाडून देईन.”

“देशील. हात आहे तुला.”

हात आहे, हे औदुंबरलाही ठाऊक होतं. बार्शीच्या एका बोळातल्या चाचांच्या दुकानात सहा वर्षं तो मागच्या स्टुलावर बसून घड्याळांची चाकं पेट्रोलने धूत होता. पुढच्या टेबलावर बसायचं तर चाचांचं भिंग मिळायला हवं होतं. डोळ्यात धरायचं ते काळं भिंग चाचांना त्यांच्या उस्तादांनी दिलेलं. औदुंबरने तीनदा मागितलं होतं. तिन्ही वेळा एकच उत्तर.

“अजून तुला बघता येत नाही.”

आज तो हे उत्तर खोटं पाडणार होता.

दुपारच्या नमाजाआधी चाचांनी मनगटावरचं घड्याळ काढून पितळी ताटलीत ठेवलं आणि ते हातपाय धुवायला मागे गेले.

नमाज पढून परत आले, तर ताटलीत दोन घड्याळं.

दोन्ही चावीची. दोन्हींच्या तबकड्या तपकिरी. साताच्या आकड्याजवळ तोच करपल्यासारखा डाग, काचेवर तोच आडवा ओरखडा. पट्टेसुद्धा सारखेच झिजलेले.

“ओळखा, चाचा. एक तुमचं, एक मी केलेलं. नाही ओळखलंत तर भिंग माझं.”

चाचांनी दोन्ही उचलली. उजेडाला धरली. कानाला लावली...

“काय काय केलंस?”

“तबकडी कोऱ्या चहात भिजवली. मग तव्यावर वाळू तापवून तिच्यावर भाजली. गेल्या महिन्यात तुमचं घड्याळ साफ करायला खोललं होतं ना, तेव्हाच एकेक डाग कागदावर उतरवून घेतला होता.”

“तवा कुणाचा?”

“आईचा.”

“मग मार खाल्ला असशील.”

“खाल्ला.”

चाचा पुन्हा बघू लागले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज पार वळणापलीकडे विरला, तरी चाचा बघतच होते.

शेवटी त्यांनी दोन्ही घड्याळं ताटलीत ठेवली.

“नाही ओळखत, बेटा. हरलो.”

आणि खिशातून भिंग काढून त्यांनी औदुंबरच्या हातावर ठेवलं.

औदुंबरचे कान तापले. सहा वर्षं! त्याने भिंग डोळ्यात बसवलं.

“काय बघू, चाचा?”

हातपाय धुताना सारलेल्या चाचांच्या बाह्या अजून वरच होत्या. चाचांनी डावा हात टेबलावर पालथा ठेवला.

“हे बघ.”

औदुंबर वाकला.

हात बाभळीच्या सालीसारखा काळा, भेगाळलेला. पण मनगटाभोवती एक पट्टा... तिथली कातडी गोरी होती. मऊ होती. काल जन्मलेल्या पोराची असावी तशी. पट्ट्याच्या मध्ये एक गोल, कंपासने काढल्यासारखा. आणि गोलाच्या कडेला, पंजाच्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा. घड्याळाची चावी रुतून रुतून पडलेला.

सायकलला अवजारांची पेटी बांधून हा माणूस सत्तेचाळीस वर्षं गावोगावच्या बाजारात उघड्यावर बसला, हे औदुंबरला ठाऊक होतं. चाचांनीच कितीदा तरी सांगितलं होतं. पण ते ऊन त्याला आज दिसलं. ते इथवर पोचलंच नव्हतं. वरच्या वरच कुणीतरी झेललं होतं.

त्याने ताटलीकडे बघितलं. मग पुन्हा मनगटाकडे. श्वासाने भिंगावर वाफ धरली, तरी त्याला मान वर करवेना. गाभाऱ्यात टेकवलेलं डोकं लवकर उचलत नाही, तसं झालं होतं.

“चाचा...”

“एका घड्याळाचं मनगट हे,” चाचा म्हणाले. “आता दुसऱ्याचं दाखव.”

औदुंबरने आपला हात बघितला. कोपरापासून बोटांपर्यंत एकच रंग. सावलीत वाढलेला हात, पेट्रोलचा वास मारणारा.

त्याने भिंग काढून चाचांपुढे ठेवलं.

“फोडून टाकू का मी केलेलं?”

“चालतंय ना ते?”

“चालतंय.”

“मग चालत्याला फोडतात होय रे?”

चाचांनी ताटलीतलं एक घड्याळ उचललं. “हे तुझं?”

औदुंबरने मान डोलावली.

चाचांनी ते त्याच्या मनगटावर बांधलं, पट्टा एक भोक आवळला. भिंग उचलून त्याच्या सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग टेबलाखाली वाकून त्यांनी एक लाकडी पेटी ओढली. चाचांचे गुडघे गेल्यापासून ती सायकलवर चढली नव्हती. बाहीने त्यांनी तिच्यावरची धूळ पुसली.

“उद्या वैरागचा बाजार आहे. सायकलीत हवा भरून ठेव...”

औदुंबर पेटी उचलून पायरीपाशी गेला, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

“आणि झाडाखाली बसू नकोस.”