लिंपलेली ढोली

त्या रानात धनेशांची पिल्लं बंद ढोलीत वाढत. आई ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकी, चोच जाईल एवढीच फट ठेवी आणि त्या फटीतून भरवी. पंख भरले की पिल्लाने आतून लिंपण फोडायचं. बाहेरून कोणी त्याला चोच लावायची नाही, असा रिवाज होता.

तानीच्या गोंदाचा एक पंख भरलाच नाही. लिंपणाला तडा गेला की तानी लगबगीने चिखल आणून तो बुजवी. खाली पडला तर? असं करता करता गोंदा बापाएवढा झाला आणि तानी थकली. तिच्या चोचीचा टवका उडाला होता. आपल्यामागे याला कोण भरवणार, या काळजीने तिला घास गोड लागेना.

रानाच्या पलीकडच्या टोकाला एका वडावर उडता न येणारी पाखरं एकत्र राहत. फांद्या इतक्या दाट, की चोचीनखांनी धरत कुठंही जाता येई. त्यांचं सगळं येसाक्का नावाची म्हातारी शेकरू बघे. तानीने मन घट्ट केलं, रिवाज मोडून बाहेरूनच लिंपण फोडलं आणि फांदीफांदीने चार दिवस चालवत गोंदाला तिथे नेलं. नव्या ढोलीत तो शिरतो न शिरतो तोच तिने चिखल आणला आणि तीही लिंपून टाकली.

"इथं कुणी लिंपत नाही, बाई," येसाक्का म्हणाली.

"त्याला सवय आहे. आणि खायला फक्त उंबरं. सोललेली."

येसाक्काने फटीशी तोंड नेलं. "गोंदा, तुला काय आवडतं रे?"

"उंबरं," तानीच म्हणाली.

"मी त्याला विचारलं."

फटीशी चोच आली. मग आवाज आला, "सरडा."

तानी बघतच राहिली. सरडा तिने त्याला जन्मात दिला नव्हता. फटीतून कधी दिसला असेल, देव जाणे.

"लिंपण राहू दे," येसाक्का म्हणाली. "आम्ही फटीतून भरवू. पण तडा गेला तर बुजवायला कुणी येणार नाही. तूही आठ दिवस येऊ नकोस."

ते आठ दिवस तानीला खायला उठले. दोनदा ती चोचीत चिखल घेऊन निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परतली.

नवव्या दिवशी ती वडावर पोचली, तर लिंपणाची ढेकळं बुंध्याशी पडलेली. तिने त्याला आधी खाली बुंध्याशीच शोधलं. पण गोंदा ढोलीतच होता. चोच मातीने माखलेली, आणि शेजारच्या एकडोळ्या पोपटाशी वरची फांदी कोणाची यावरून जोरात भांडण चाललेलं.

तानी दाराबाहेर थांबली. इतकी वर्षं ती अशीच बाहेर उभी राहत आली होती. आता भरवायला फट नव्हती, बुजवायला तडा नव्हता, आणि काय करावं ते तिला कळेना.

गोंदाचं लक्ष गेलं. "आई, बाहेर का? आत ये ना," तो म्हणाला आणि तिला बसता यावं म्हणून एका कडेला सरकला.